न सांगता घडणाऱ्या गोष्टी

मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं की तो घरात असेल तिथून येऊन टीव्हीसमोर बसतो. मामाच्या बुलेटचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच ओळखतो. समोरच्या थांब्यावरची कोणत्या नंबरची बस कुठे जाते, कोणत्या मावशीने गेल्या दिवाळीत कुठल्या रंगाचा शर्ट दिला, सगळं तोंडपाठ. वय पंचविशीचं. आणि याच मुलाला रोज सकाळी ‘दात घास रे’ म्हणून सांगावं लागतं. सांगितलं की निमूट उठतो, घासतो. नाही सांगितलं तर दुपारपर्यंत तसाच. आई वैतागून म्हणते, ‘हवं ते बरोबर लक्षात राहतं याच्या. बाकीच्याला नाटकं.’

बौद्धिक अक्षमता असलेलं माणूस ज्या घरात आहे, तिथे हे कोडं कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच. कुठे दात, कुठे आंघोळ, कुठे जेवणाआधी हात धुणं. आळस, हट्ट, विसराळूपणा अशी उत्तरं देऊन झालेली असतात. पण नीट पाहिलं तर या मुलाला सवय लागलेली आहे आणि चांगली पक्की लागलेली आहे. आई ‘घास’ म्हणाली की घासायचं, ही ती सवय. मालिकेचं गाणं ठरल्या वेळी आपलं आपण वाजतं, त्यासाठी घरातलं कुणी लागत नाही. दातांच्या वेळी मात्र खूण आईच्या तोंडून येते. आई बाहेरगावी गेली की खूणही गेली.

आरोग्याच्या चांगल्या सवयी या मंडळींना लावायच्या कशा, हा प्रश्न त्यामुळे उपदेशाचा कमी आणि मांडणीचा जास्त आहे. खूण कुठून येते, क्रम कसा आहे आणि मदत करणारा बाजूला कधी होतो, या तीन गोष्टींवर बरंचसं अवलंबून असतं.

कोणाबद्दल बोलतोय आपण?

बौद्धिक अक्षमता ठरवताना दोन गोष्टी पाहतात. एक म्हणजे बुद्ध्यंक साधारण ७० किंवा त्याखाली असणं. दुसरी, आणि घरच्यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची, म्हणजे रोजच्या व्यवहारात वयाच्या मानाने जास्त मदत लागणं: पैसे, वेळ, स्वच्छता, रस्ता ओलांडणं. हे सगळं वाढीच्या वयातच दिसायला हवं. मानसिक आजार ही वेगळी गोष्ट. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण एक म्हणजे दुसरं नव्हे. यातल्या बहुसंख्य लोकांची, सुमारे ८५ टक्क्यांची, अक्षमता सौम्य असते. म्हणजे योग्य शिकवणं मिळालं तर स्वतःची रोजची कामं स्वतः करण्याइतकी त्यांची कुवत असते. २०११ च्या जनगणनेत देशात अशा सुमारे १५ लाख लोकांची नोंद झाली. सौम्य अक्षमता अनेकदा ‘अभ्यासात जरा मागे आहे’ एवढ्यावरच सोडून दिली जाते, हे लक्षात घेतलं तर खरा आकडा याहून बराच मोठा असणार.

ओटा लहान असला तर

एखादं काम करताना त्यापुरती माहिती डोक्यात धरून ठेवायला जी तात्पुरती जागा लागते, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. स्वयंपाकघरातला ओटा डोळ्यांपुढे आणा. मोठ्या ओट्यावर एकीकडे कणीक, दुसरीकडे चिरलेली भाजी, तिसरीकडे फोडणीचं साहित्य असं एकाच वेळी मांडता येतं. ओटा दोन फुटांचा असला आणि तरी सगळं एकदम मांडायला गेलं, तर काहीतरी खाली पडणारच. म्हणून तिथे स्वयंपाक होत नाही असं नाही. एक काम करायचं, आवरायचं, मग पुढचं घ्यायचं. जेवण तेच तयार होतं. क्रम मात्र ठरलेला लागतो.

बौद्धिक अक्षमतेत हा ओटा लहान असतो. ‘अरे ऊठ, दात घास, आंघोळ करून घे आणि ओला टॉवेल बाहेर वाळत टाक’ या एका दमात आपण चार भांडी त्याच्यावर ठेवतो. तीन पडतात. तो कोरडा टॉवेल उचलून गॅलरीत जातो आणि आपण म्हणतो, लक्षच नसतं याचं.

पण माणसाकडे दुसरीही एक स्मृती असते. शर्टाची बटणं लावताना, सायकल चालवताना ती कामाला येते. मेंदूच्या आत खोलवर ‘बेसल गँग्लिया’ नावाचे पेशींचे पुंजके आहेत. तीच ती कृती त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा केली की तिचा मार्ग तिथे पक्का होतो, आणि मग ती करायला ओटा लागतच नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या लोकांच्या अभ्यासांत असं आढळलं आहे की शब्दांवर चालणाऱ्या स्मृतीच्या मानाने ही हाताला लागलेली स्मृती बरीच शाबूत असते. सवयींचं सगळं बळ इथे आहे. समजावून सांगून जे पोचत नाही, ते रोज त्याच जागी, त्याच क्रमाने करून पोचतं.

वेळ लागतो, हे खरं. सर्वसामान्य लोकांवर लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नवी सवय आपोआप घडू लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला होता. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. तेव्हा विशेष मुलांच्या पालकांनी आठवड्यांचा नव्हे, महिन्यांचा हिशेब धरावा. याची भरपाईही होते. आपली सकाळी फिरायची सवय पहिल्या पावसात मोडते. यांची एकदा बसली की बसली. पाऊस असला तर हा छत्री घेऊन दारात उभा असतो आणि वडिलांची सुटका नसते.

आणखी एक. डाउन सिंड्रोममध्ये ऐकलेलं कमी टिकतं, पाहिलेलं जास्त टिकतं. विल्यम्स सिंड्रोम या दुर्मीळ जनुकीय स्थितीत उलटं असतं: बोलणं चांगलं, डोळ्यांनी जागा-आकार जोखणं कच्चं. म्हणून आपल्या मुलाचं कारण काय, निदान काय, हे माहीत असण्याला शिकवण्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. चित्रं वापरायची तर सोप्याकडून अवघडाकडे जायचं. सगळ्यात सोपी खरी वस्तू, मग तिचा फोटो, मग रेघांचं चित्र, शेवटी शब्द. बाजारातले रंगीत तक्ते पुष्कळदा तिसऱ्या पायरीपासून सुरू होतात. मोबाइलवर त्याच्याच बेसिनचा, त्याच्याच ब्रशचा फोटो काढून लावला तर तो जास्त उपयोगी पडतो.

दात घासणं म्हणजे किती कामं?

आपल्या लेखी एकच. पण कागदावर उतरवायला बसा. ब्रश उचलायचा. नळ सोडायचा. ब्रश भिजवायचा. नळ बंद करायचा. पेस्टचं टोपण काढायचं. मटारच्या दाण्याएवढी पेस्ट घ्यायची. टोपण लावायचं. मग वरचे-खालचे, डावे-उजवे, आतले-बाहेरचे. थुंकायचं, चूळ भरायची, ब्रश धुवायचा, ग्लासात उभा ठेवायचा, तोंड पुसायचं. पंधरा ते वीस पायऱ्या सहज होतात. अशी फोड करण्याला विशेष शिक्षणात कार्यविश्लेषण म्हणतात. सिकंदराबादला १९८४ साली स्थापन झालेल्या, बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने जेवण, दात घासणं, आंघोळ, कपडे घालणं, शौचाची सवय अशा विषयांवर याच पद्धतीच्या पुस्तिका काढल्या आणि देशभरच्या विशेष शिक्षकांच्या हाती दिल्या.

फोड केल्यावर लगेच एक फायदा होतो. ‘याला दात घासता येत नाहीत’ हे वाक्य खोटं ठरतं. कुठल्या पायरीवर गाडं अडतं ते दिसतं, आणि अनेकदा ती एकच पायरी असते. पेस्टचं फिरकीचं टोपण बोटांना जमत नाही, एवढंच कारण निघतं. वर उघडणाऱ्या टोपणाची ट्यूब आणली की काम झालं. ब्रशची दांडी बारीक वाटत असेल तर तिला कापडाची पट्टी गुंडाळून रबर लावायचं. शिकवण्याची गरजच नव्हती. वस्तू बदलायची होती.

जिथे शिकवायचंच आहे, तिथे एक युक्ती उलटी वाटते. शेवटून सुरुवात करायची. एका विशेष शाळेतल्या बेसिनच्या रांगेत हे पाहायला मिळालं. बाई मुलाच्या समोर नव्हत्या, पाठीमागे उभ्या होत्या. त्याच्या हातावर आपला हात ठेवून त्यांनी सगळं करून घेतलं, अगदी चूळ भरण्यापर्यंत. शेवटची पायरी, धुतलेला ब्रश ग्लासात उभा ठेवणं, तेवढी त्याच्यावर सोडली. त्याने ब्रश ठेवला. टक् असा आवाज झाला. बाई म्हणाल्या, ‘झाले दात घासून!’ आणि तो विजयी मुद्रेने आरशात बघू लागला. ती एक पायरी पक्की झाल्यावर शेवटच्या दोन सोडायच्या, मग तीन. या उलट्या साखळीचं मर्म असं की मूल पहिल्या दिवसापासून काम पुरं करतं. सुरुवातीपासून शिकवायला घेतलं तर ते रोज अर्ध्यात अडतं, रोज कुणीतरी ब्रश हातातून काढून घेतं, आणि शाबासकी मिळते तोवर त्याचं लक्ष उडालेलं असतं.

पाठीमागे उभं राहण्यालाही कारण होतं. समोरून हात धरला तर दिशा उलटसुलट होतात. शिवाय समोर बाईंचा चेहरा असला की मूल चेहऱ्याकडे बघून पुढचं पाऊल ठरवू लागतं. खूण म्हणून त्याने ब्रशकडे, नळाकडे, ग्लासाकडे बघायला हवं.

मदत काढून घ्यायची असते

सुरुवातीच्या कोड्याची किल्ली इथे आहे. मदत देणं सगळ्यांना येतं, ती काढून घेणं फार थोड्यांना जमतं.

मदतीचे प्रकार पाहा. हात धरून करून घेणं, नुसतं बोट दाखवणं, करून दाखवणं, तोंडाने सांगणं. आपल्याला वाटतं, हात धरणं ही सर्वांत मोठी मदत आणि तोंडी सांगणं अगदी किरकोळ. देताना तसंच असतं. काढून घेताना मात्र गंमत होते. हाताची मदत पातळ करत नेता येते: आज तळव्यावर, काही दिवसांनी मनगटावर, मग कोपरावर, मग खांद्याला नुसता स्पर्श, मग तोही नाही. ‘दात घास’ हे वाक्य पाव कसं म्हणणार? आवाज एक तर असतो किंवा नसतो. म्हणून तोंडी सूचनेची चटक सगळ्यात घट्ट लागते, आणि आया-आज्या बिचाऱ्या जन्मभर तीच देत राहतात.

यावर दोन उपाय चालतात. एक, सांगण्याआधी थांबणं. मनात पाच आकडे मोजायचे, तोंड बंद ठेवायचं आणि बघायचं. घरातल्या माणसांना हे फार जड जातं. शांतता दिसली की कुणीतरी बोलतंच. पण ओटा लहान असलेल्याला एक काम उतरवून दुसरं घ्यायला तेवढा वेळ लागतो, आणि त्या अवधीत आपण बोललो तर त्याचा नंबर आपणच घेतला असं होतं. दुसरा उपाय, आवाजाच्या जागी कायम राहणारी खूण बसवणं. बेसिनवर चार फोटोंची पट्टी. मोबाइलवर रोज सात वाजता वाजणारं त्याच्या आवडीचं गाणं. किंवा आधीच पक्क्या असलेल्या सवयीला नवी जोडणं: उठल्यावर तो न सांगता संडासला जातोच, तर बाहेर येताच हाताशी ब्रशचा ग्लास दिसेल अशी जागा करायची.

शाळेत येतं आणि घरी येत नाही, ही तक्रारही याच पोटातली. शाळेचा नळ दांडीचा, घरचा फिरवायचा. शाळेतला ग्लास निळा, घरचा स्टीलचा. आपण फरक मनातल्या मनात भरून काढतो, त्याच्या दृष्टीने ते वेगळंच काम असतं. शक्य तितक्या वस्तू दोन्हीकडे सारख्या ठेवणं हा साधा तोडगा, आणि तो बाईंशी पाच मिनिटं बोलून निघतो.

> चौकट: सवय लावताना
> एका वेळी एकच सवय. तिच्या पायऱ्या लिहून काढा आणि कुठे अडतं ते पाहा. आधी वस्तू बदलून भागतं का बघा, मग शिकवा. शेवटच्या पायरीपासून सुरुवात करा. हाताने जास्त, तोंडाने कमी. शाबासकी त्याच क्षणी आणि नेमकी: ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘ब्रश जागेवर ठेवलास!’ घरातल्या सगळ्यांचा क्रम एकच हवा. आईचा एक आणि आजीचा दुसरा असं नको.

वजन कुठून येतं

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांत लठ्ठपणा इतरांपेक्षा जास्त आढळतो. ‘यांचं अंगच तसं’ असं म्हणून पुष्कळ लोक मोकळे होतात. काही बाबतीत शरीराचा वाटा खरंच असतो. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंद होण्याचं प्रमाण बरंच असतं, आणि बसल्या-बसल्या शरीर जी ऊर्जा खर्चतं तीही काहीशी कमी असते. प्रॅडर-विली सिंड्रोममध्ये पंधराव्या गुणसूत्रातल्या बिघाडामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूत नीट पोचत नाही. त्या मुलांच्या घरी फ्रिजला कुलूप लावणं हा छळ नसून उपचाराचा भाग असतो. चिडचिड आवरण्यासाठी दिली जाणारी रिस्पेरिडोन, ओलान्झापिनसारखी औषधं आणि फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट भूक आणि वजन वाढवू शकतात. ती मनाने बंद करायची नसतात, पण औषध सुरू झाल्यापासून वजन किती वाढलं हे डॉक्टरांना सांगायचं असतं. त्यासाठी महिन्यातून एकदा काट्यावर उभं करायला हवं.

उरलेलं मोठं कारण घरात आणि शाळेत आहे. वर्षानुवर्षं आपण या मुलांना काहीही शिकवताना बक्षीस म्हणून गोळ्या, चॉकलेट, बिस्किटं दिली. रंग ओळखला की गोळी, खुर्चीवर बसला की बिस्किट. खाणं म्हणजे शाबासकी हे समीकरण आपणच पक्कं केलं आणि विशीत आल्यावर त्याच्या खाण्यावर बोट ठेवलं. त्यात भर मायेची. ‘त्याला बिचाऱ्याला दुसरं काय सुख आहे?’ असं म्हणत आजी ताटात तिसरा लाडू ठेवते. मला विचाराल तर लठ्ठपणाला जितकं तेल-तूप जबाबदार आहे, तितकंच हे वाक्य जबाबदार आहे. सुख म्हणून खाण्यापलीकडे त्याला काही मिळू दिलं नाही, याची ती कबुली असते.

‘कमी खा’ हे सांगून उपयोग नाही, कारण ‘कमी’ ही दिसणारी गोष्ट नाही. दोन पोळ्या दिसतात. एक वाटी भात दिसतो. म्हणून प्रमाण डोक्यात ठेवण्यापेक्षा भांड्यात ठेवावं: त्याची ठरलेली वाटी, ठरलेलं ताट, आणि वाढून झालं की भांडी टेबलावरून आत. निवड मात्र त्याच्याकडे ठेवावी, आणि ती दोनांतून एक अशी असावी. काकडी की गाजर? आत्ता केळं की चार वाजता? ज्याला दिवसभरात कुणी काही विचारत नाही, त्याला एवढ्या दोन प्रश्नांनीही फरक पडतो. ताटावरची भांडणं पुष्कळ कमी होतात.

सणवार आले की पंचाईत होते. ‘आज गणपती, आज राहू दे’ हे आपल्याला कळतं. नियमावर जगणाऱ्याला त्यातून एवढंच समजतं की नियम मोडतो. त्यापेक्षा सणाचाच नियम करावा: गणपतीला मोदक दोन, पानावर आधीच दोन वाढलेले.

हालचालीचंही असंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अक्षमता असलेल्या प्रौढांसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल सांगितली आहे, म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटं. शाळेत असेपर्यंत कवायत, खेळ, सहली यांत ती होऊन जाते. महाराष्ट्रातल्या विशेष शाळा साधारण अठरा वर्षांपर्यंत असतात; पुढे कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाही तर मुलगा घरी आणि सोफ्यावर. वजनाचा आलेख या वळणावर वर चढताना अनेक पालक पाहतात. ‘जरा चालत जा रोज’ याने काही होत नाही. ‘पिंपळापर्यंत जायचं, हात लावायचा, परत यायचं’ याने होतं. घरकामही व्यायामच आहे: पाण्याच्या बाटल्या भरून ठेवणं, कपडे वाळत घालणं, भाजीची पिशवी वर आणणं. ‘राहू दे, सांडेल तुझ्याकडून’ म्हणून ही कामं काढून घेणाऱ्या घरांत मग फिजिओथेरपिस्टला पैसे देऊन हात वर-खाली करून घेतले जातात.

खेळाने काय होऊ शकतं ते स्पेशल ऑलिम्पिक्सने दाखवलं. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने १९६८ च्या जुलैमध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर त्याची पहिली स्पर्धा झाली. तोवर या मुलांना मैदानावर आणणं धोक्याचं, असंच बहुतेकांना वाटे. पुढे संघटनेच्या लक्षात आलं की धावायला आलेल्यांचे डोळे, दात, कान कुणी तपासलेलेच नसतात, आणि १९९७ पासून स्पर्धांच्या जागीच तपासणीचे तंबू उभे राहू लागले. आज भारतातही ही तपासणी होते. एक सावधगिरी: डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. कोलांट्या, डोक्यावर भार येणारे व्यायाम यांआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

पाळी आणि आंघोळ

१९९४ साली शिरूरच्या मतिमंद मुलींच्या शासकीय संस्थेतल्या काही मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मुलींना पाळीतली स्वच्छता राखता येत नाही, हे त्यामागचं एक मुख्य कारण सांगितलं गेलं. स्त्री संघटना आणि अपंगांच्या चळवळीतल्या लोकांनी आवाज उठवल्यावर शस्त्रक्रिया थांबल्या. देशभर चर्चा झाली.

त्या चर्चेत नैतिक प्रश्न मोठा होता आणि तो योग्यच होता. पण त्याच्या खाली एक साधा व्यावहारिक प्रश्न दडला होता: पॅड बदलायला शिकवून पाहिलं होतं का? कारण हेही पायऱ्यांचंच काम आहे. चड्डीवर पॅड ठेवायच्या जागी रंगीत दोऱ्याने चौकट शिवून ठेवली की कुठे लावायचं हे सांगावं लागत नाही. पाळी सुरू व्हायच्या आधीपासून, कोरडं पॅड लावून सराव करता येतो. बाहुलीवर शिकवण्यापेक्षा स्वतःच्या अंगावर शिकणं सोपं. कधी बदलायचं, तर ‘भिजलं की’ असं म्हणण्यापेक्षा ‘नाश्त्यानंतर, जेवणानंतर, चहानंतर, झोपताना’. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कुठल्या डब्यात, हे फोटोने. बाथरूमचं दार लावणं ही पहिली पायरी. सौम्य आणि मध्यम अक्षमतेच्या पुष्कळ मुली हे शिकतात. काहींना कायम मदत लागते, आणि तशी मदत देणं हे काळजीचं काम आहे, ऑपरेशनचं नव्हे.

आंघोळीबद्दलही एवढंच आग्रहाने म्हणावंसं वाटतं. विसाव्या वर्षीही दुसरं कुणी आंघोळ घालत असेल, आणि तेही आज आई, उद्या काकू, परवा मदतनीस असं, तर अंगाला हात लावू देणं हीच त्या मुलीची किंवा मुलाची सवय होते. कुठला स्पर्श चालेल आणि कुठला नाही, हे मग तक्त्यावरून शिकवून फारसं उमगत नाही. निदान खासगी अवयव स्वतः धुणं लवकर शिकवलं, तर स्वच्छता राहते आणि संरक्षणही होतं.

दुखतं ते सांगणार कोण

शांत असणारा मुलगा अचानक कानशिलावर बुक्क्या मारू लागतो. जेवण टाकतो. रात्री ओरडतो. घरचे त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात, शांत राहण्याचं औषध सुरू होतं. दोन महिन्यांनी कळतं, कानात मळ दाटून आत सूज आली होती; किंवा दाढ किडली होती; किंवा आठ-आठ दिवस पोट साफ नव्हतं. सगळ्याचं खापर अक्षमतेवर फोडण्याच्या या चुकीला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, इतकी ती नेहमीची. इंग्लंडमध्ये अशा व्यक्तींच्या मृत्यूंचा दरवर्षी आढावा घेतात. तिथे त्यांचं आयुष्य इतरांपेक्षा सुमारे २० वर्षांनी कमी भरतं, आणि २०२१ च्या मृत्यूंच्या आढाव्यात जवळजवळ निम्मे मृत्यू टाळता येण्याजोगे ठरले. बद्धकोष्ठासारख्या साध्या तक्रारीकडे दुर्लक्ष होऊन जीव गेल्याची उदाहरणं त्यांत आहेत.

त्यामुळे घरात आणखी एक सवय लागायला हवी, ती आपल्याला: वागणूक बदलली की आधी शरीर तपासायचं. दात, कान, पोट, लघवी, पायाची नखं. तक्रार नसली तरी वर्षातून एकदा पूर्ण तपासणी करायची. इंग्लंडमध्ये चौदा वर्षांपासून पुढे ती दरवर्षी देऊ केली जाते. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइड दरवर्षी. फिट्ससाठी फेनिटोइन चालू असेल तर हिरड्या वाढतात का पाहायचं आणि हाडांबद्दल, ड जीवनसत्त्वाबद्दल विचारायचं. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय चाचणी लागत नाही, आणि बाह्यरुग्ण तपासणीचाही त्यात समावेश आहे. पात्र असूनही ही योजना ठाऊक नसलेली घरं पुष्कळ आहेत.

तपासून घेणं हीसुद्धा शिकवायची गोष्ट आहे. दंतवैद्याच्या खुर्चीवर पहिल्याच दिवशी मशीन तोंडात घातलं तर पुढची दहा वर्षं तो त्या इमारतीत पाऊल ठेवणार नाही. आधी नुसतं जाऊन खुर्चीवर बसून यायचं. पुढच्या खेपेला आ करून दाखवायचं, आरसा लावून बघू द्यायचं. रक्तदाबाचा पट्टा घरी खेळातल्यासारखा दंडाला बांधून फुगवायचा, आधी बाबांच्या, मग त्याच्या.

वही

पालकांच्या बैठकीत चहा येईपर्यंत इतर विषय चालतात. नंतर ‘आमच्यामागे काय?’ हा एकच. त्याची आर्थिक आणि कायदेशीर उत्तरं शोधण्यात सगळी शक्ती जाते: पालकत्वाचा अर्ज, निवासी संस्था, भावाबहिणीची संमती. सवयींचं हस्तांतर कुणाच्या ध्यानात नसतं. आई आजारी पडते, मुलगा चार दिवस मावशीकडे जातो, आणि तिथे त्याला वेगळा ब्रश, वेगळी वाटी, वेगळा क्रम मिळतो. आठवड्यात सगळं विस्कटतं. मावशी म्हणते, याला काहीच येत नाही.

शंभर पानी वही पुरते. एकेका सवयीला एक पान: खूण कोणती, पायऱ्या कोणत्या, त्यातल्या कुठल्या तो स्वतः करतो, कुठे थांबून वाट पाहायची. ‘पेस्टसाठी मदत नको, वेळ लागतो.’ ‘भात एक वाटी, दुसऱ्यांदा मागेल, ताक द्यावं.’ ‘पोट दुखलं तर सांगत नाही, गुडघे पोटाशी घेऊन बसतो.’ औषधांची नावं आणि वेळा, फिट आली तर काय करायचं, शेवटची तपासणी कधी झाली. डॉक्टरांसाठीचं पान सगळ्यात पुढे, कारण रात्री दोन वाजता दवाखान्यात मागची पानं उलटायला कुणाला वेळ नसतो. ही वही आईने एकटीने लिहू नये. वडिलांनी, बहिणीने, शाळेतल्या बाईंनी वाचून आपापलं त्यात घालावं, आणि वर्षातून एकदा, तपासणीच्या वेळीच, जुनं खोडून नवं लिहावं. एखाद्या रविवारी आईने सकाळी बाहेर जावं आणि वहीवरून दुसऱ्या कुणाला दिवस काढू द्यावा. कुठलं पान अपुरं आहे ते दुपारपर्यंत कळतं.